तापीबाईंनी न सांगितलेले घर

प्रथम घटनाक्रम. महाशिवरात्रीनंतरचा सोमवार : मुलीच्या बाळंतपणासाठी आमच्या सौ. नंदुरबारला गेल्या. होळीनंतरचा पहिला रविवार : सोसायटीच्या गच्चीवर सर्व बिऱ्हाडांच्या खाटा, गाद्या व बिछाने यांचा पंचनामा झाला. गुढीपाडव्याचा आदला दिवस : सभा झाली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी : तापीबाईंनी जिन्याखालची खोली रिकामी केली. इसवी तारखा माझ्या वहीत आहेत. परंतु प्रकरण तापीबाईंचे आहे आणि त्या काळ सणांवरून मोजत, म्हणून येथे त्यांचीच पद्धत स्वीकारली आहे.

जबाबदार व्यक्ती तीन. एक, सोसायटीचे प्रमुख, जे सभाभर मोबाइलमध्ये पाहत होते. दोन, मंत्री हसमुखभाई (सुरतेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात), ज्यांनी आरोप केला. तीन, मी, ज्याने तो आरोप शुद्ध भाषेत लिहून दिला.

आरोप असा : सुरतेच्या लिंबायत भागातील आमच्या इमारतीत तापीबाईंनी ढेकूण आणले.

मी वकील नाही. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली टंकलेखन यंत्र घेऊन लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे शेजारी मला ‘वकीलअप्पा’ म्हणतात. त्यात आदर किती आणि टवाळी किती, याचा निवाडा मी आजवर केलेला नाही. सांगायचे इतकेच, की कागद कसा लिहावा हे मला कळते. तापीबाई मात्र मला अजून कळलेल्या नाहीत आणि हा सर्व खटाटोप त्याचसाठी आहे.

तापीबाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता, तो गेल्यावर त्या गोधड्या शिवू लागल्या. आमच्या इमारतीत जिन्याखाली पूर्वी वॉचमनसाठी बांधलेली एक खोली होती. ती सोसायटीने त्यांना राहायला दिली होती. बुटक्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोन्ही ओठांत सुई धरून ठेवण्याची सवय असल्याने त्या फार बोलत नसत, आणि बोलल्या तरी ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलत. समोरच्याला वाटे, बाई रागावली आहे. प्रत्यक्षात बाई फक्त सुई सांभाळत असे.

गोधडी शिवणाऱ्या माणसाला शिवणी उघडाव्या लागतात, आणि शिवणी उघडल्या की घराघरांतील जे दिसू नये ते दिसते. तापीबाईंना ढेकणांचे ज्ञान झाले ते असे. पुढे पुढे लोक गोधडी हे निमित्त करून त्यांना मुख्यतः त्याच कामासाठी बोलावू लागले. कानात सांगत, “माय, एकदा येऊन जा ना.” काय काम आहे, हे कोणी सांगत नसे. त्याही विचारीत नसत. एक बॅटरी, एक दाभण, जुन्या रेशनकार्डाचे प्लास्टिकचे पाकीट आणि साबणाच्या पाण्याने अर्धा भरलेला स्टीलचा पेला, एवढी सामग्री घेऊन त्या येत.

आमच्या घरी त्या प्रथम आल्या तेव्हा मी महापालिकेला गटाराविषयी पत्र लिहीत होतो. खोलीच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी नाकाने दोनदा श्वास घेतला आणि सौभाग्यवतींना विचारले, “झोपतस कोठे आन बसतस कोठे?”

खाटेकडे जाण्याआधी त्या खाटेच्या अवतीभवती पाहत. त्यांचे म्हणणे असे, की ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही. तो भिडस्त पाहुण्यासारखा जेवून परत आपल्या घरी जातो आणि त्याचे घर आपल्यापासून चार पावलांवर असते. मग त्यांनी ती घरे एकेक करून दाखवली. गादीच्या काठाचा गोट : रेशनकार्डाचे पाकीट त्या फटीतून फिरवले की शाईच्या टिंबांसारखे काळे डाग कापडावर उमटलेले दिसत. खाटेच्या पायांच्या चुळी, जिथे लाकडात लाकूड बसते. खाटेच्या उशाकडील फळीची मागची बाजू. उशीच्या अभ्र्याची आतली घडी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, जिथे गेल्या वर्षीचे कॅलेंडर अजून लटकत असते. तसबिरीच्या पाठीमागचा पुठ्ठा. पडद्याची वरची दुमड. खिळा काढल्यावर राहिलेले भोक. विजेच्या बटणांची पाटी. तिला त्या स्वतः हात लावीत नसत, “हे वायरमनचं काम” म्हणत. सोफा उलटा करून त्याच्या पोटाला लावलेले पातळ कापड. माळ्यावरच्या बॅगेची चेन.

सौभाग्यवतींनी एक ढेकूण चिमटीत धरला, तेव्हा तापीबाईंनी त्यांचा हात धरला. “बोटानी मारू नका माय. रगत आपलंच शे ते.” आणि पेला पुढे केला.

मी गटारात व्यग्र होतो. “साहेब जरा उठतात का?” असे त्यांनी विचारल्याचे मला आठवते. पत्र पुरे झाल्याशिवाय मी उठत नसतो, असे मी सांगितले. त्यांनी “बरं” म्हटले.

त्यांचा एक नियम होता, आणि या प्रकरणाची सारी गुंतागुंत त्या नियमातून निर्माण झाली. कोणाच्या घरात काय सापडले, हे त्या दुसऱ्या घरात सांगत नसत. बायका आडून विचारीत, “तळमजल्यावरच्या रेखाकडे फार आहेत म्हणे?” त्यावर उत्तर ठरलेले : “जठे मानूस ऱ्हास तठे ढेकून ऱ्हास.” त्यापुढे सुई ओठांत जाई.

याच रेखाताईंच्या मुलीच्या लग्नाचे जुळत होते. मुलाची आई आणि मावशी उधन्याहून आल्या आणि मुलगी पाहून झाल्यावर चौकशीच्या हेतूने परस्पर जिन्याखाली गेल्या. घर कसे आहे, स्वच्छता कशी आहे, अंथरूण-पांघरूण कसे आहे? तापीबाईंनी त्यांना पाणी दिले. मग मावशींची मोठी पर्स उचलली, तिचे अस्तर उलटे केले, त्यात दाभण फिरवले आणि जे निघाले ते पेल्यात टाकले. एक नव्हे, तीन. दोघी विहिणी पांढऱ्या पडल्या. “उन्हात ठेवज्यात पिशवी,” एवढेच बोलून त्यांनी पर्स परत केली. लग्न झाले. ही हकीकत तापीबाईंनी कोणाला सांगितली नाही. त्या मावशीनेच वरातीत हसत हसत सांगितली, तेव्हा इमारतीला कळली.

शहराबाहेरच्या कडोदऱ्याच्या आणि आमच्या भागातल्या लूम-कारीगरांच्या खोल्यांतही त्या जात. तिथे दोन पाळ्यांचे दोन कारीगर एकाच बिछान्यावर झोपतात. एक उठून कामाला जातो, दुसरा कामावरून येऊन त्याच उबेत पडतो. तापीबाई अशांसाठी दोन तोंडांची गोधडी शिवत. एका बाजूला लाल दोरा, दुसऱ्या बाजूला निळा. दिवसपाळीवाल्याने लाल बाजूवर झोपायचे, रातपाळीवाल्याने निळ्या. “दुसऱ्याची ऊब चालस, दुसऱ्याचा घाम नही चालत,” असे त्या म्हणत. कापड-मार्केटच्या कातरणांतून त्या ही कापडे निवडून आणत. मला ही व्यवस्था अतिशय न्याय्य वाटे. तिच्यावर एक टिपण लिहावे, असेही मनात आले होते. ते लिहिले नाही. जे लिहिले ते असे.

सौ. नंदुरबारला गेल्यानंतर आठवड्याभरातच इमारतीत चावे वाढले. आमच्या मजल्यावर सर्वाधिक. सकाळी पोटऱ्यांवर एका ओळीत तीन-तीन गाठी उठत. हसमुखभाईंनी फवारणीवाला बोलावला. तो एका खोलीत फवारून गेला आणि शेजारच्या दोन खोल्यांत चावे सुरू झाले. तेव्हा मी विचार केला, की हा विषय शास्त्रशुद्ध रीतीने हाताळला पाहिजे. मी परिपत्रक काढले : सर्व बिऱ्हाडांनी रविवारी सकाळी आपापल्या खाटा, गाद्या, उशा, गोधड्या व लाकडी सामान गच्चीवर आणावे, त्यांचा क्रमवार पंचनामा होऊन प्रादुर्भावाचे मूळ निश्चित केले जाईल. खाली सही, आणि मंत्र्यांचा शिक्का.

तापीबाई ते परिपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतले होते. दारातच उभ्या राहिल्या.

“अप्पा, हे काय करतस? सगळास्ना गाद्या एक जागे आनू नका. ढेकूनस्नं लगीन लावशात तुम्ही.”

“तापीबाई, परिपत्रक निघालेले आहे,” मी म्हणालो.

“मंग परत घ्या.”

“काढलेले परिपत्रक असे परत घेता येत नाही. त्याला कारण द्यावे लागते.”

त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, कारण देतील. त्यांनी दिले नाही. आज मला प्रश्न पडतो : त्या क्षणी त्यांच्या तोंडात सुई नव्हती. मग त्या का बोलल्या नाहीत?

रविवारी गच्चीवर सोळा बिऱ्हाडांचे अंथरूण पसरले. गादीला गादी लागून. मुले त्यावर उड्या मारत होती, बायका एकमेकींच्या उशा हातात घेऊन पाहत होत्या. पंचनामा लिहिण्यासाठी मी माझी खुर्ची वर मागवली. सागवानी, वेताच्या बैठकीची, हातांना पितळी फुले असलेली. तीस वर्षे मी तीवरच बसून लिहीत आलो. ती मधोमध ठेवून, दिवस कलेपर्यंत, मी एकेका गादीची नोंद केली. तापीबाई गच्चीच्या दारात उभ्या होत्या. त्या वर आल्या नाहीत.

आठवड्याभरात सोळाही घरांत ढेकूण होते.

सभा खालच्या पार्किंगमध्ये भरली. हसमुखभाई स्वभावाने वाईट गृहस्थ नाहीत. सर्वांची लाइटबिले वेळेवर भरली जावीत, यासाठी ते धडपडतात. परंतु त्यांना प्रत्येक गोष्ट सभा संपण्याच्या आत मिटवायची असते. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मांकड तो कारीगरोनी रूममांथी ज आवे, बीजे क्यांथी?” ढेकूण कारीगरांच्याच खोल्यांतून येणार, दुसरीकडून कुठून? आणि त्या खोल्यांत जाते कोण? सर्वांनी जिन्याकडे पाहिले.

तापीबाई पायरीवर बसल्या होत्या.

“माय, तूच सांग मग,” कोणीतरी म्हणाले. “तू सगळ्यांकडे जातेस. पहिल्यांदा कोणाच्या घरात दिसले?”

“ते मी सांगनार नही.”

“म्हणजे ठाऊक आहे!”

“ठाऊक शे.”

“मग सांगायला काय जातं तुझं?”

“माझं काय जातं? ज्याचं घर शे त्येचं जातं.”

रेखाताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि खाली पाहिले. मी सभावृत्तात लिहिले : ‘सदर महिलेने माहिती असूनही उत्तर देण्यास स्पष्ट नकार दिला, सबब तिच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढणे सभेस भाग पडत आहे.’ वाक्य चांगले झाले आहे, असे हसमुखभाई म्हणाले. मलाही तसे वाटले. खोली सोडण्याची मुदतही मीच लिहिली.

आखाजीला लेकी माहेरी येतात. तापीबाईंची एकुलती लेक धुळ्याहून दरवर्षी त्या जिन्याखालच्या खोलीत येत असे. यंदा ती आली तेव्हा दाराला नवे कुलूप होते. ती दहा मिनिटे उभी राहिली आणि निघून गेली. मी गॅलरीतून पाहिले. खाली गेलो नाही.

आखाजीनंतर सौ. परतल्या. चहा घेतानाच त्यांनी विचारले, “तापीमाय दिसल्या नाहीत?” मी सभावृत्त वाचून दाखवले. त्या वाचनात मी कुठे थांबलो नाही. ते संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्याची किटली आणली आणि मला म्हणाल्या, “उठा.”

“का?”

“उठा म्हणते ना!”

मी उठलो. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि वेत जिथे चौकटीच्या खाचेत शिरतो तिथे पाण्याची धार धरली. पुढचे मी तपशिलाने लिहू इच्छित नाही. पितळी फुलांच्या मागूनसुद्धा निघाले.

हकीकत अशी निघाली. पहिल्याच दिवशी, मी गटाराचे पत्र संपवून ते टाकायला पोस्टात गेलो असता, तापीबाईंनी खुर्ची पाहिली होती. “आठेच शे मूळ,” त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या. मला सांगू नका, असे त्यांनीच बजावले. साहेब खुर्ची टाकून देतील नाहीतर आपल्यावरच नोटीस काढतील, दोन्हींत त्यांचा जीव दुखेल. उपाय त्यांनीच ठरवला. दर मंगळवारी मी मोठ्या पोस्टात जातो, तेव्हा खुर्चीला उकळते पाणी आणि दुपारचे ऊन द्यायचे. दोन वर्षे हे चालले होते. मंगळवारी खुर्ची दमट लागते, म्हणून मी वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला गळतीबद्दल दोन नोटिसा दिल्या होत्या. सौ. नंदुरबारला गेल्या आणि मंगळवार थांबले. मग ती खुर्ची मी गच्चीवर नेली.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“तुम्ही ऐकलं असतं?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. ऐकले असते, असे वाटते. मग परिपत्रकाची आठवण होते. स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे मी शेकडो अर्जांत टंकले आहे. इथे आरोपी खुर्चीवर बसून पंचनामा लिहीत होता आणि एकमेव साक्षीदार दारात उभी राहून त्याला वाचवीत होती. मला वाचवण्यात तिचा काय लाभ होता? मी तिला कधी चहासुद्धा स्वतः विचारला नव्हता. आणि ती खुर्ची मी ज्या जुन्या बाजारातून घेतली, तिथेच तो वंश तीत होता की नंतर आला, हेही मला माहीत नाही. नव्याने बोलावलेला फवारणीवाला म्हणाला, “अंकल, ते कोणीच सांगू शकत नाही.” मग सभेने कसे सांगितले?

मी हसमुखभाईंना लेखी कबुली दिली. ती त्यांनी उभ्याउभ्या वाचली. “काका, हवे मूको ने. वात पती गई,” ते म्हणाले. सोडून द्या, प्रकरण संपले. खोलीत नवा भाडोत्री आला होता. शिवाय, ते दबक्या आवाजात म्हणाले, सोसायटीच्या कागदाचा शब्द मागे घेतला तर उद्या कोणीही उठेल. मी दुसरी कबुली रजिस्टर पोस्टाने पाठवली, तिसरी प्रमुखांना. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. आयुष्यभर मी इतरांच्या गुन्ह्यांची दखल घ्यायला लावली. माझ्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोणी तयार नाही.

गेल्या महिन्यात तापीबाईंचा पत्ता लागला. पर्वत पाटिया नाक्याहून शेअर रिक्षाने कडोदऱ्याला गेलो. लूमच्या खोल्यांच्या लांब गॅलरीत, यंत्रांच्या खडखडाटात, त्या एका खांबाला टेकून शिवत होत्या. अंगाने उतरल्या होत्या. मला पाहून हसल्या, सुईसकट. मी कबुलीजबाब काढला आणि मोठ्याने वाचला, कारण खडखडाट फार होता. दोन कारीगर थांबून ऐकू लागले. तापीबाईंनी त्यांना हाताने जायला सांगितले.

वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, “खुर्ची जाळी टाकी का?”

“नाही. पण जाळीन.”

“कसाले? तिनी काय करं?”

“तापीबाई, तुम्ही परत चला. मी सभेत उभा राहून सांगतो, ते माझे घर होते.”

“आन मंग? समदा तुमना दारसमोरतून नाक धरीसन जातीन.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “ऱ्हाऊ द्या अप्पा. आठे बरं शे. आठे कोनी इचारत नही कोठून उनात.” कुठून आलात, हे तिथे कोणी विचारत नव्हते.

“पण लेक आली होती. आखाजीला. कुलूप पाहून गेली.”

सुई कापडात गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मग उठून त्या मला रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. मी नको म्हटले तरी आल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, “अप्पासले लिंबायतले उतारजो, भाऊ.” मी बसलो, तेव्हा त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या कॉलरवर गेली. हात पुढे करून त्यांनी तिथून काहीतरी चिमटीत उचलले, मूठ बंद केली आणि हात पदराखाली घेतला.

“काय होते?” मी विचारले.

“काही नही. दोरा व्हता.”

रिक्षा सुटली. मी मागे वळून पाहिले तेव्हा त्या मूठ मिटूनच गॅलरीकडे चालल्या होत्या. तो दोरा होता की नव्हता, हे मला माहीत नाही. घरी येऊन मी सदरा उकळला. काही निघाले नाही. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

त्यांनी घराचे नाव सांगू नये, हा त्यांचा अधिकार. परंतु घर माझे आहे आणि ते नाव उघड करण्यास मला कोणाची परवानगी नको. म्हणून येथे जाहीर करतो : दुसऱ्या मजल्यावरील पूर्वेकडचे बिऱ्हाड, वकीलअप्पांचे. आता सोसायटीचे प्रमुख व मंत्री हसमुखभाई यांनी येत्या सर्वसाधारण सभेत, पार्किंगमध्ये, सोळाही बिऱ्हाडांसमोर उभे राहून सांगावे, की ‘तापीबाईंनी ढेकूण आणले’ हे त्यांनी कोणत्या पुराव्यावर म्हटले. आणि तो पुरावा नसेल, तर पुढच्या आखाजीला धुळ्याहून येणाऱ्या लेकीने कोणत्या दाराशी जावे. उत्तर लेखी नको. मोठ्याने हवे.